‘कंटेनर आला तर’चं इंग्रजी: कम्स की केम?

पत्राचा गोषवारा: अमळनेर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय २६, शिक्षण मराठी माध्यमातून, पुढे बी.कॉम. गेली दोन वर्षं त्या रावेर भागातल्या एका केळी निर्यातीच्या पॅकहाऊसमध्ये नोंदी आणि मेल सांभाळतात. जानेवारीत त्यांनी दुबईच्या खरेदीदाराला लिहिलं: ‘इफ द कंटेनर केम ऑन मंडे, वी वुड लोड ट्वेंटी टन्स.’ त्यांना म्हणायचं होतं, कंटेनर सोमवारी आला तर २० टन माल भरू. तिकडून लगेच उलट विचारणा आली, सोमवारी कंटेनर येणार नाही का? मग फोनाफोनी झाली आणि मालकांनी सगळ्यांसमोर ‘जरा ग्रामर सुधारा’ म्हणून सुनावलं. आता तिथेच निर्यात विभागातली जागा निघाली आहे, मुलाखत महिन्यावर आली आहे. ताई लिहितात, ‘झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड, चारही कंडिशनलची, म्हणजे अटीच्या वाक्यांची सूत्रं पाठ आहेत, तरी ऐन वेळी घोळ होतो. मराठी माध्यम आणि घरी अहिराणी, त्यामुळे पायाच कच्चा राहिला. जळगावला तीन महिन्यांचा ग्रामरचा क्लास लावू का? घरात अहिराणी बंद करून इंग्रजीच बोलायला लागू का?’

ताई,

क्लासचं आणि अहिराणीचं नंतर बघू. आधी ते मेलमधलं वाक्य समोर घेऊ, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्या एका वाक्यातच आहेत.

ते वाक्य व्याकरणाने चुकलेलं नाही. इफच्या बाजूला पास्ट, दुसऱ्या बाजूला वुड. सेकंड कंडिशनलच्या सूत्रात ते तंतोतंत बसतं. परीक्षेत त्याला पूर्ण मार्क मिळाले असते. म्हणजे ‘मला सूत्रं जमत नाहीत’ हा तुमचा निष्कर्ष इथेच डळमळतो. सूत्र बरोबर होतं, ते नको त्या जागी वापरलं गेलं. पाठांतर वाढवून हे दुरुस्त होणार नाही, कारण कुठलं सूत्र कधी घ्यायचं हे सूत्रात लिहिलेलं नसतं.

मग ‘केम’ आलं कुठून? तुमच्या मनातल्या मराठी वाक्यातून. ‘कंटेनर आला तर’ यातला ‘आला’ हे भूतकाळाचं रूप आहे, पण गोष्ट येत्या सोमवारची आहे. पाहुणे आले तर चहा टाक, पाऊस थांबला तर निघू, गिरणेचं आवर्तन सुटलं तर हरभरा पेरू: मराठीत उद्याची अट आपण रोज भूतकाळी रूपाने सांगतो आणि त्यात कुणाला शंकेचा वास येत नाही. ती गोष्ट घडून झाली असं धरून चालू, मग पुढे काय ते बोलू, असा तो साधा हिशेब. इंग्रजीतही इफनंतर भूतकाळी रूप येतं, पण तिथे त्याचं काम वेगळं आहे. तिथे ते रूप सांगतं की ही गोष्ट मी लांबची मानतो. बहुधा होणार नाही, किंवा निव्वळ कल्पना करतोय. तुम्ही ‘आला’चं शब्दाला शब्द ‘केम’ केलं आणि दुबईत ते ‘कंटेनर काही यायचा नाही, पण समजा आला’ असं पोचलं. खरेदीदार घाबरला यात त्याची चूक नाही. तुमची चूक म्हणाल तर एवढीच, की दोन भाषांत दिसायला सारख्या असलेल्या रूपाला तुम्ही एकच अर्थ दिला.

हवं होतं ते असं: ‘इफ द कंटेनर कम्स ऑन मंडे, वी विल लोड ट्वेंटी टन्स.’ मराठीतलं भूतकाळी रूप उद्याचं असेल, तर इंग्रजीत साधा वर्तमानकाळ. तुमच्या कामातली दहातली सात-आठ वाक्यं याच साच्यात बसतील.

तुमच्या मेलमधल्या ‘वुड’बद्दलही जरा बोलायला हवं. आपल्याकडे पुष्कळांना ‘विल’ उद्धट आणि ‘वुड’ नम्र वाटतं, म्हणून ‘वी वुड सेंड द फोटोज टुडे’ असं लिहिलं जातं. विनंतीत ‘वुड यू’ नम्र आहे, खरं. पण स्वतःच्या कामाबद्दल ‘वी वुड’ म्हटलं की वाचणारा पुढच्या अटीची वाट बघतो: पाठवले असते, पण काय? जे तुम्ही करणारच आहात तिथे बिनदिक्कत ‘विल’ लिहा.

आता चार आकड्यांचं. झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड ही नावं शिकवणाऱ्याच्या सोयीची आहेत. बोलणारा कधी ‘मी आता सेकंड वापरतो’ असा विचार करत नाही. त्याऐवजी स्वतःला दोन प्रश्न विचारा. पहिला, ही गोष्ट अजून होऊ शकते का? दुसरा, होऊ शकत नसेल किंवा नुसती कल्पना असेल, तर ती आजची की होऊन गेलेली?

अजून होऊ शकते, तर इफच्या बाजूला साधा वर्तमानकाळ आणि दुसऱ्या बाजूला विल. नेहमीच घडणारी असेल तर दोन्हीकडे वर्तमानकाळ. तुमच्याच धंद्यातलं उदाहरण: केळी साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली गेली की साल काळपट-राखाडी पडते आणि माल नीट पिकत नाही. ‘इफ द टेम्परेचर फॉल्स बिलो थर्टीन डिग्रीज, द स्किन टर्न्स ग्रे.’ हा तुमचा झीरो कंडिशनल. यात शिकण्यासारखं फार नाही, पुढे जाऊ.

कल्पना आजची, तर इफच्या बाजूला भूतकाळ, दुसऱ्या बाजूला वुड आणि क्रियापदाचं मूळ रूप. होऊन गेलेली, तर इफच्या बाजूला हॅड आणि तिसरं रूप, क्लासवाले ज्याला व्ही-थ्री म्हणतात ते. दुसऱ्या बाजूला वुड हॅव आणि पुन्हा तिसरं रूप. झालं. चारही कप्पे या दोन प्रश्नांत आले.

खरी मेख मात्र इथून पुढे आहे, आणि मराठी माणसाला ती हमखास नडते. हे वाक्य बघा: ‘पैसे असते तर ठिबक केलं असतं.’ कुणी बांधावर उभं राहून आजच्या परिस्थितीबद्दल असं म्हणू शकतो: आज पैसे नाहीत, म्हणून ठिबक करत नाही. कुणी गेल्या उन्हाळ्याबद्दलही म्हणू शकतो: तेव्हा पैसे नव्हते, म्हणून राहिलं आणि बाग वाळली. मराठी वाक्यात एका अक्षराचाही फरक पडत नाही. शाळेच्या व्याकरणात क्रियापदाचे अर्थ शिकताना स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ यांच्या जोडीला संकेतार्थ शिकवतात, तोच हा. आपला संकेतार्थ ‘झालं नाही’ एवढं स्पष्ट सांगतो. ‘केव्हा झालं नाही’ ते बोलण्याच्या ओघातून समजून घ्यायचं असतं. इंग्रजी मात्र ते वाक्यातच लिहायला लावते.

आजचं: ‘इफ आय हॅड मनी, आय वुड इन्स्टॉल ड्रिप.’

गेल्या उन्हाळ्यातलं: ‘इफ आय हॅड हॅड मनी लास्ट समर, आय वुड हॅव इन्स्टॉल्ड ड्रिप.’

सेकंड आणि थर्डमध्ये तुमची जी सरमिसळ होते तिचं मूळ हे आहे. मनातल्या मराठी वाक्यात तो फरकच नाही, मग हात कुठून करणार? म्हणून इंग्रजीकडे वळण्याआधी मराठी वाक्यात एक शब्द घाला: ‘आज’ किंवा ‘तेव्हा’. ‘आज पैसे असते तर’ की ‘तेव्हा पैसे असते तर’? शब्द घातला की सूत्र आपोआप ठरतं. मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपलाही हेच लागू आहे. त्याला नुसतं ‘पैसे असते तर ठिबक केलं असतं’ दिलंत तर ते दोनांपैकी एक इंग्रजी वाक्य उचलून देईल. ते व्याकरणात निर्दोषही असेल, पण तुम्ही कुठल्या उन्हाळ्याबद्दल बोलताय हे त्याला कुठून कळणार? ‘आज’, ‘तेव्हा’ घालून दिलंत तर उपयोग होतो.

‘हॅड हॅड’ बघून बिचकू नका. पहिला हॅड काळ दाखवणारा, दुसरा ‘जवळ असणे’चं तिसरं रूप. ‘हॅड बॉट’मध्ये जसं बॉट, तसं इथे दुसरं हॅड.

आता ‘असता’चा दुसरा खोडा. मराठीत तो दोन्हीकडे येतो: वादळ आलं नसतं तर बाग वाचली असती. मग इंग्रजीतही दोन्हीकडे वुड हॅव घालण्याचा मोह होतो: ‘इफ द स्टॉर्म वुड नॉट हॅव कम, द प्लांट्स वुड हॅव सर्व्हाइव्ह्ड.’ ही मराठी भाषकांची अगदी ठरलेली चूक. वुडला एकच खुर्ची मिळते, आणि ती इफच्या समोरच्या बाजूची. इफच्या बाजूला ‘हॅड नॉट कम’ पुरे. अमेरिकन बोलण्यात इफच्या बाजूलाही वुड हॅव कधी कधी ऐकू येतं, म्हणून कुणी व्हिडिओ दाखवून वाद घालेल. घालू द्या, परीक्षेत आणि कामाच्या मेलमध्ये ते चूकच धरलं जातं.

ठिबकचंच वाक्य थोडं फिरवू: गेल्या वर्षी ठिबक केलं असतं तर आज बाग हिरवी असती. इथे कारण गेल्या वर्षीचं, परिणाम आजचा. मग इंग्रजीतही दोन बाजूंना दोन काळ: ‘इफ वी हॅड इन्स्टॉल्ड ड्रिप लास्ट इयर, द प्लांट्स वुड बी ग्रीन नाउ.’ चार सूत्रं पाठ केलेल्या मुलांना हे वाक्य चुकीचं वाटतं, कारण त्यांच्या तक्त्यात असा कप्पाच नसतो. आज-तेव्हाचा प्रश्न प्रत्येक बाजूला वेगळा विचारायची सवय असेल तर यात अडण्यासारखं काही नाही.

आणखी एक बारकावा. इफनंतर भूतकाळ दिसला की प्रत्येक वेळी ती कल्पनाच असते असं नाही. काल ड्रायव्हर सहाला आला होता की नाही हे तुम्हाला माहीत नाही आणि तुम्ही म्हणता, ‘इफ द ड्रायव्हर वॉज हिअर ॲट सिक्स, ही मस्ट हॅव सीन द बॉक्सेस.’ ही खरीखुरी कालची अट आहे, तो आला असेलही. इथे ‘वेअर’ करायला जाऊ नका. ‘वेअर’ लागतं ते ‘इफ आय वेअर यू’सारख्या कल्पनेत, मी तुमच्या जागी असते तर. अशा कल्पनेत बोलताना बरेच जण ‘वॉज’ही म्हणतात, पण परीक्षेच्या पेपरात ‘वेअर’च लिहा.

‘विल’ची चूक बहुतेकांना माहीत असते, तरी होते: ‘इफ ही विल कम टुमॉरो.’ गोष्ट उद्याची आहे म्हणून जीभ विलकडे वळते. इंग्रजी वाक्यात उद्या एकदाच सांगतात, इफच्या समोरच्या बाजूला. पण मराठीत ‘तो येणार असेल तर’ म्हणजे येणं आधीच ठरलेलं असेल तर, असं म्हणायचं असेल, तर ‘इफ ही इज कमिंग’ लिहा. अर्थ नेमका उतरतो. ‘इफ यू विल साइन हिअर’ असं कुठे ऐकलंत तर गोंधळू नका, तिथला विल ‘तयार असाल तर, कराल का’ अशा विनंतीचा असतो. ओळखता आला तरी बास.

एक गंमत लक्षात ठेवा, वाक्य उलगडायला मदत होते. मराठीत ‘जर’ गाळला तरी चालतं, ‘तर’ सहसा गाळत नाही. इंग्रजीत बरोबर उलटं: इफ ठेवायचा, देन गाळायचा. आपली कडी वाक्याच्या मध्यावर, त्यांची वाक्याच्या सुरुवातीला. म्हणून मराठी वाक्यात ‘तर’ला गोल करा, बाण काढून तो सुरुवातीला न्या आणि तिथे इफ लिहा. ‘इफ’ची बाजू आधी आली तर मध्ये स्वल्पविराम, नंतर आली तर नको. साध्या मेलमध्ये देन घालायची गरज नाही.

‘तर’ आणि ‘की’ यांचीही गल्लत टाळा. भुसावळला पोचलीस की फोन कर, हे ‘व्हेन’. पोचलीस तर फोन कर, हे ‘इफ’, आणि असं म्हटलं तर आई रात्रभर झोपायची नाही. जहाज निघाल्यावर नक्की पाठवणार असलेल्या कागदांबद्दल ‘इफ द व्हेसल सेल्स’ लिहिलंत तर खरेदीदाराची तीच गत होईल. तिथे ‘व्हेन द व्हेसल सेल्स’.

जवळचीच आणखी एक जोडी आहे. ‘पाऊस आला तर ताडपत्री घाला’ आणि ‘पाऊस येईल, ताडपत्री घालून ठेवा’. पहिल्यात ‘इफ इट रेन्स, कव्हर द बॉक्सेस’: पाऊस सुरू झाल्यावर हालचाल. दुसऱ्यात ‘कव्हर द बॉक्सेस इन केस इट रेन्स’: आधीच तयारी. हमालांना पहिलं सांगून दुसऱ्याची अपेक्षा धरली, तर खोकी भिजणारच.

आणि ‘अनलेस’. बोर्डाच्या पेपरात ‘इफ’ काढून ‘अनलेस’ घालायला सांगतात, तिथून त्याची भीती बसलेली असते. गंमत म्हणजे इथेही अडचण आपल्या ‘जोपर्यंत’ने केली आहे. जोपर्यंत ॲडव्हान्स येत नाही तोपर्यंत कंटेनर बुक करणार नाही: मराठीत दोन ‘नाही’ लागतात. अनलेसच्या पोटात ‘नाही’ आधीच आहे, म्हणून त्या बाजूला नॉट चालत नाही. ‘वी विल नॉट बुक द कंटेनर अनलेस वी रिसीव्ह द ॲडव्हान्स.’ ‘अनलेस वी डोन्ट रिसीव्ह’ लिहिलंत तर पैसे मिळाले तरच अडवणार, असा उलटा अर्थ निघतो, आणि पैशाच्या मेलमध्ये असा अर्थ परवडत नाही.

‘शुड यू नीड एनी डॉक्युमेंट्स’, ‘हॅड वी नोन अर्लिअर’ अशी इफ गायब झालेली वाक्यं खरेदीदारांच्या मेलमध्ये दिसतील. शुड किंवा हॅड पुढे उडी मारून बसला की इफची जागा गेली, एवढं समजून घ्या. ओळखा, मुलाखतीपर्यंत स्वतः वापरू नका.

आता तुमच्या गृहीतांकडे येते. मराठी माध्यमाने पाया कच्चा राहिला, असं तुम्ही लिहिलंत. ‘आला’चं ‘केम’ व्हायला माध्यम कारणीभूत नाही. ज्याच्या डोक्यात मराठी वाक्य आधी तयार होतं त्या कुणाचंही ते होईल, मग तो पुण्याचा असो की धुळ्याचा. अहिराणीचा तर यात काहीच दोष नाही. अहिराणीतलं ‘उना’ आणि मराठीतलं ‘आला’ दोन्ही सारखीच भूतकाळी रूपं; खड्डा एकाच जागी आहे. तुम्ही घरी अहिराणी, पॅकहाऊसमध्ये तिकडची लेवा बोली, नोंदवहीत प्रमाण मराठी आणि मेलवर इंग्रजी, असं दिवसभर बोली बदलत काम करता. कुठे कुठलं रूप चालतं याचं भान तुम्हाला आधीच आहे, ते फक्त इफ-तरकडे वळवायचं आहे. घरात अहिराणी बंद करून इंग्रजी सुरू केलं, तर चुका दुरुस्त कोण करणार? दुरुस्त न होणारी चूक रोज बोलली की ती जिभेवर पक्की बसते. शिवाय आजीशी इंग्रजीत बोलून मुलाखतीला लागणारी कुठली गोष्ट हाती येणार, हे मला तरी दिसत नाही.

क्लासचा हिशेब वेगळा आहे. मुलाखत महिन्यावर आणि क्लास तीन महिन्यांचा, म्हणजे काळ, प्रयोग, नॅरेशन होऊन कंडिशनलची पाळी येईस्तोवर मुलाखत होऊन गेलेली असेल. सर्वसाधारण क्लासमध्ये हा विषय दोन-तीन तासांत उरकतात आणि तेच चार कप्प्यांचं टेबल फळ्यावर येतं, जे तुम्हाला पाठच आहे. क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: माझी स्वतःची किती वाक्यं आठवड्याला तपासून मिळतील? उत्तर ‘नोट्स देतो’ असं आलं तर परत फिरा. त्यापेक्षा गावातल्या किंवा कॉलेजातल्या एखाद्या इंग्रजीच्या शिक्षकांकडे आठवड्यातून दोनदा अर्धा अर्धा तास वही दाखवायला जा आणि त्यांच्या वेळेचे पैसे द्या. एकटीने अभ्यास केला की चौथ्या दिवशी बंद पडतो असा तुमचा स्वभाव असेल, तर मात्र क्लासची शिस्त कामी येईल. तेव्हा मुलाखत झाल्यावर, पुढच्या बॅचला.

महिन्याचं काम असं करा. पहिला आठवडा इंग्रजीला हातच लावू नका. स्वतःच्या फोनमधले जुने मेसेज उघडा आणि ‘तर’ असलेली ३० मराठी वाक्यं वहीत उतरवा. प्रत्येकासमोर दोन खुणा: होऊ शकतं की नाही, आणि उद्या, आज की तेव्हा. जिथे खूण करताना अडाल ती वाक्यं वेगळी ठेवा. बहुधा त्यात ‘असता’ असेल. दुसऱ्या आठवड्यात रोज पाच वाक्यं इंग्रजीत करा, पण आधी फक्त इफची बाजू पाचही वाक्यांची लिहा, मग दुसरी बाजू. दोन्ही बाजू एका दमात लिहिल्या की वुड इकडे-तिकडे घुसतो. तिसऱ्या आठवड्यात एकच प्रसंग तीन रूपांत मोठ्याने म्हणा:

‘इफ द ट्रक इज लेट, वी विल कॉल यू.’

‘इफ द ट्रक वेअर लेट एव्हरी डे, वी वुड चेंज द ट्रान्सपोर्टर.’

‘इफ द ट्रक हॅड बीन लेट, वी वुड हॅव मिस्ड द व्हेसल.’

मोठ्यानेच म्हणा, कारण ऐकताना ‘आय हॅड’ आणि ‘आय वुड’ दोन्ही ‘आयड’ असेच येतात. पुढचा शब्द धरायचा: ‘आयड गो’ म्हणजे वुड, ‘आयड गॉन’ म्हणजे हॅड. ‘वुड हॅव’ घाईत ‘वुडव’ ऐकू येतं आणि लिहिताना काही जण त्याचं ‘वुड ऑफ’ करतात, तेवढं टाळा. चौथा आठवडा जुने पाठवलेले मेल तपासायला. रोज दहा मिनिटं, फक्त इफ आणि वुड शोधायचे.

मालकांनी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. पण ते वाक्य त्यांच्या लक्षात राहिलं आहे, त्याचा उपयोग करून घ्या. मुलाखतीआधी एका कागदावर तुमच्या कामातली आठ अटींची वाक्यं नीट टाइप करून न्या: कंटेनर उशिरा आला तर, ॲडव्हान्स आला नाही तर, तापमान घसरलं तर, कागद कमी पडले तर. पॅकहाऊसमधल्या सगळ्यांना वापरता येतील अशी. जागा मिळो न मिळो, पुढच्या मेलचं काम हलकं होईल.

मुलाखतीत प्रश्न ज्या रूपात येईल त्याच रूपात उत्तर द्या. ‘व्हॉट विल यू डू इफ द कंटेनर इज लेट टुमॉरो?’ विचारलं तर ‘आय विल’. ‘व्हॉट वुड यू डू इफ अ बायर रिजेक्टेड द शिपमेंट?’ विचारलं तर ‘आय वुड आस्क फॉर द फोटोज ॲण्ड द टेम्परेचर लॉग फर्स्ट.’ घाई वाटली तर प्रश्नाचा पहिला अर्धा भाग स्वतःशी म्हणा, क्रियापद तिथेच सापडतं. आणि त्या जानेवारीच्या मेलचा विषय निघून तुम्ही काय लिहायला हवं होतं असं कुणी विचारलंच, तर ती गोष्ट होऊन गेलेली आहे, म्हणून: ‘आय वुड हॅव रिटन कम्स, नॉट केम.’